बाजारबुणगे आणि यंत्रखेचर

१५ जानेवारी २०२५ ला आर्मी डे ची परेड पहिल्यांदाच पुण्यात झाली. खडकीला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. शिस्तीत पावलं टाकत जाणाऱ्या पलटणींच्या मागोमाग चार पायांचे, डोकं नसलेले यांत्रिक प्राणी दुडुदुडु चालत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर किमान चार वेळा येऊन धडकला होता. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. "आता शिपायाला ओझं उचलायला नको!" हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या वेळा ऐकलं, की शनिवार-रविवार त्याच्यामागेच घालवायचा असं ठरवलं.

आधी यंत्राबद्दल थोडं. त्याचं अधिकृत नाव 'मल्टी-युटिलिटी लेग्ड इक्विपमेंट', म्हणजे आद्याक्षरं जोडली की 'म्यूल', अर्थात खेचर. (नाव आधी ठरतं आणि लांबलचक रूप नंतर जुळवतात, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको!) लष्कराने अशी १०० यंत्रं घेतली. यंत्राचं स्वतःचं वजन साधारण ५० किलो. जिने चढतं, उतार उतरतं, कॅमेऱ्याने पुढचं दाखवतं. आणि ओझं किती वाहतं? १२ ते १५ किलो.

हा शेवटचा आकडा परत वाचा. पाठीवर नीट खोगीर घातलेलं जिवंत खेचर डोंगरात ६०-७० किलो सहज नेतं. एका शिपायाच्या पाठीवरचं ओझं ३० किलो धरलं, तर ते उतरवायला दोन यंत्रं लागणार. म्हणजे आज तरी हे यंत्र ओझं वाहण्यापेक्षा पुढे जाऊन डोकावण्याच्या जास्त कामाचं आहे. पण माझा मुद्दा तो नाही. आज १५ किलो आहे, दहा वर्षांनी ५० होईल. माझा प्रश्न वेगळा आहे. शिपायाच्या पाठीवरून ओझं उतरतं तेव्हा ते जातं कुठे?

प्रश्न जुनाच आहे. रोमन सेनापती मारियसने ख्रिस्तपूर्व १०० च्या आसपास फौजेमागचा सामानाचा तांडा कमी केला आणि पुष्कळसं सामान शिपायांच्याच खांद्यावर दिलं. लोक त्या शिपायांना 'मारियसची खेचरं' म्हणू लागले. १९५० साली एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लेखकाने शिपायाच्या ओझ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं सार एवढंच, की जास्त ओझ्याने माणूस नुसता दमत नाही, तर दमलेल्या माणसाला भीतीही जास्त वाटते. प्रत्येक अधिकारी 'लागलं तर असू दे' म्हणून एकेक वस्तू वाढवतो आणि त्या सगळ्यांची बेरीज मात्र एकाच माणसाच्या पाठीवर होते. (सॉफ्टवेअरमध्ये फीचर कसे वाढतात ते आठवा.)

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळं उत्तर होतं. शिपाई हलका आणि त्याच्यामागे सामान वाहणारा, बाजार मांडणारा, घोड्याला दाणा-वैरण आणणारा भला मोठा लवाजमा. या लवाजम्याला मराठीत बुणगे म्हणत. धान्य वाहायला वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे असत. शिवाजी महाराजांच्या काळातल्या चपळ फौजेत हे लटांबर कमी होतं, पुढे पेशवाईत ते वाढत गेलं. आणि पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला जे झालं, त्यानंतर सगळा राग या बुणग्यांवर निघाला. 'बाजारबुणगे' ही तर शिवीच झाली. आजही बिनकामाच्या गर्दीला आपण तेच म्हणतो.

यात्रेकरू, बायकामुलं आणि बाकीची गर्दी यांचा फौजेला भार झाला, हे खरंच आहे. पण दुसरी बाजूही बघा. पानिपतावर फौज उपाशी मरू लागली ती मागून येणारी रसद तुटली म्हणून. रसदीची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि त्यानंतर भाऊसाहेबांच्या छावणीत दाणा येणं जवळजवळ थांबलं. म्हणजे ओझं वाहणारे जास्त झाले म्हणून जेवढी हानी झाली, तेवढीच ओझं वाहून आणणारे पोचले नाहीत म्हणूनही झाली. भाषेने मात्र पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरून गेली.

आता मुंबईत येऊ. कारण शिपायाचं ओझं कोण वाहणार, या प्रश्नावरचा १९ व्या शतकातला एक प्रचंड मोठा प्रयोग आपल्या मुंबईतून झाला आणि परळवरून रोज लोकलने जाणाऱ्या आपल्यापैकी फारच थोड्यांना त्याची कल्पना असते.

अ‍ॅबिसिनियाचा (आजचा इथिओपिया) सम्राट दुसरा टेवोड्रोस याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. लंडनमध्ये कुणीतरी ते फाईलला लावलं आणि उत्तर गेलंच नाही. चिडलेल्या सम्राटाने ब्रिटिश वकील कॅमेरून आणि इतर काही युरोपियनांना कैदेत टाकलं. बराच काळ घोळ घातल्यावर १८६७ मध्ये लंडनने ठरवलं, की फौज पाठवायची, आणि ती मुंबईने पाठवायची. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता सर सेमूर फिट्झगेराल्ड. गव्हर्नरचं निवासस्थान तेव्हा मलबार हिलला नव्हतं, परळला होतं. आज जिथे हाफकिन संस्था आहे तीच ही इमारत. आणि मोहिमेचा सेनापती होता मुंबईच्या फौजेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर. पेशाने इंजिनिअर! (आपला माणूस.)

नेपियरपुढचा प्रश्न लढाईचा नव्हताच. लाल समुद्राच्या काठावरच्या झुला या ओसाड जागेपासून मॅग्डालाच्या डोंगरी किल्ल्यापर्यंत सुमारे ४०० मैल जायचं होतं. रस्ता नाही, किनाऱ्यावर प्यायला पाणी नाही, वाटेत ८-१० हजार फुटांचे डोंगर. तेव्हा त्याने जी यादी केली ती अशी: सुमारे १३,००० सैनिक, २६,००० नोकर-चाकर आणि हमाल, आणि खेचरं, उंट, बैल, घोडे मिळून ४०,००० च्या वर जनावरं. शिवाय ४४ हत्ती. हे सगळं वाहायला २८० च्या आसपास जहाजं.

या आकड्यांचं गुणोत्तर काढा. एका शिपायामागे दोन माणसं आणि तीन जनावरं. तेच बुणगे, फक्त इंग्रजी हिशेबाच्या वहीत नीट लिहिलेले.

रूळ आणि रेल्वेची इंजिनंही मुंबईहून गेली. बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम १४ वर्षं झाली होती. झुलापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत दहा-बारा मैलांची रेल्वे टाकायचं ठरलं. रूळ जुने आणि वेगवेगळ्या मापांचे, त्यामुळे एकमेकांना जुळवताना लोकांच्या नाकी नऊ आले. रेल्वे पुरी होते न होते तोवर मोहीमच संपत आली. असे प्रोजेक्ट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

खरी फजिती झाली खेचरांची. सुएझ कालवा अजून उघडायचा होता (तो १८६९ चा). भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत माणसं पाठवून मिळतील तिथून खेचरं विकत घेतली आणि इजिप्तमार्गे झुलाला पाठवली. खेचरं पोचली. पण त्यांना हाकणारे पोचले नव्हते. जे पोचले ते मिळेल त्या बंदरावर भरती केलेले, त्यांना एकमेकांची भाषा कळेना आणि जनावरांची तर त्याहून नाही. खेचरं बांधायला दोऱ्या होत्या त्या त्यांनी चावून तोडल्या आणि मोकाट सुटली. पाणी मिळायचं समुद्राचं पाणी जहाजांवर उकळून, त्याची वाफ थंड करून. ते माणसांनाच पुरेना. त्यात घोड्या-खेचरांमध्ये साथ आली. पैसे मोजून आणलेली जनावरं किनाऱ्यावर अक्षरशः हजारोंनी मेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यादीत खेचरं होती. किंमत, संख्या, जहाज, सगळं होतं. त्या यादीत जे नीट नव्हतं ते म्हणजे खेचराला पाणी पाजणारा माणूस. पंजाबातून आलेला 'लाहोर म्यूल ट्रेन' हा तांडा मात्र व्यवस्थित चालला, कारण खेचरं आणि त्यांना सांभाळणारी माणसं एकमेकांच्या सवयीची होती आणि एकत्रच आली होती. नेपियर जानेवारी १८६८ मध्ये स्वतः झुलाला उतरला आणि त्यालाही सगळ्यात आधी हाच घोळ निस्तरावा लागला.

पुढचं थोडक्यात. फौज जसजशी आत शिरली तसतसे तंबू, नोकर, सामान कमी होत गेलं आणि कोट-कांबळं परत शिपायाच्याच पाठीवर आलं. तोफा हत्तींच्या पाठीवरून गेल्या. १० एप्रिलला लढाई झाली, १३ एप्रिल १८६८ ला मॅग्डाला पडलं आणि टेवोड्रोसने स्वतःला गोळी घालून घेतली. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) किल्ल्याच्या दरवाजाशी पोचल्यावर कळलं, की दरवाजा उडवायची दारू आणि शिड्या मागेच राहिल्या! ४०० मैल सामान वाहून आणलं आणि नेमकं हवं ते हवं तिथे नव्हतं. शेवटी शिपाई भिंतीवरून चढून आत गेले. त्यानंतर किल्ला लुटला. लुटीतली हस्तलिखितं आणि मौल्यवान वस्तू खाली आणायला १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरं लागली. जनावराला काय, तोफ लादा नाहीतर देवळातला ग्रंथ, पाठ तीच.

मोहिमेचा खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला. नेपियर लॉर्ड झाला. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या सुमारास ज्या दोन चिलखती युद्धनौका बांधल्या त्यांची नावं 'अ‍ॅबिसिनिया' आणि 'मॅग्डाला' अशी ठेवली. हत्तीच्या माहुताचं किंवा खेचर हाकणाऱ्याचं नाव कशालाच दिलं गेलं नाही, हे ओघाने आलंच. या मोहिमेत बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या. त्यांचेच वारस म्हणजे खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, ज्यांच्या मैदानावर परवा यंत्रखेचरं चालली. आणि ३ री आणि १० वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री या दोन पलटणीही होत्या. त्यांची नावं लक्षात ठेवा.

१९०३ मध्ये किचनेरने फौजेचे नंबर बदलले. मुंबईच्या पलटणींच्या नंबरात सरळ १०० मिळवले. ३ री झाली १०३ वी मराठा आणि १० वी झाली ११० वी मराठा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी इकडची पोरं. त्याच गावांतून लालबाग-परळच्या गिरण्यांत माणसं येत होती. एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत, असं कित्येक घरांत होतं.

पहिल्या महायुद्धात या दोन्ही पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक) होत्या. सोबत ११७ वी मराठाही. तिथेही सगळी रसद मुख्यतः मुंबईतूनच जायची. जनरल टाऊनशेंडची फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने पुढे पुढे गेली, पण तिच्या मागे पुरेशा बोटी नव्हत्या, गाड्या नव्हत्या, जनावरं नव्हती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना मागे आणायला जे मिळालं ते म्हणजे सामानाच्या खेचरगाड्या. त्यांना स्प्रिंग नसतात. मोडक्या हाडांनी, खडबडीत वाळवंटातून, त्या गाड्यांत घालून माणसं आणली. कल्पना करवत नाही.

मग कूटला वेढा पडला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. बाहेरची रसद आत पोचेना. शेवटी ओझी वाहणारी खेचरं आणि घोडे मारून खायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या भीतीने घोड्याचं मांस कितीतरी दिवस खाल्लं नाही आणि उपासाने खंगले. शेवटी फौज शरण गेली. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात वाहतुकीच्या हेळसांडीवर सडकून टीका होती आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

५० वर्षांपूर्वी झुलाच्या किनाऱ्यावर खेचरं मेली होती, कारण ती हाकणारे कुणी मोजले नव्हते. कूटला माणसं मेली, कारण खेचरं, गाड्या आणि बोटीच कुणी मोजल्या नव्हत्या. पलटणी त्याच. काटकसर प्रत्येक वेळी अशा ठिकाणी झाली जिथे ती वरच्यांना दिसत नाही.

आता परत यंत्राकडे. अमेरिकेत बोस्टन डायनॅमिक्सने २००५ मध्ये 'बिगडॉग' बनवला, चार पायांचा, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा. पुढे त्याचा मोठा भाऊ 'एलएस-३' आला. १८० किलो घेऊन शिपायांच्या मागे चालायचा. पण २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळला, कारण तो इतका आवाज करायचा की शत्रूला लांबूनच कळावं कोण येतंय. बॅटरीवर चालणारं यंत्र शांत असतं, पण मग कमी ओझं आणि काही तासांचा दम. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे तर मोबाईल घेऊन मनालीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग चार्जिंगला जनरेटर. जनरेटरला डिझेल. डिझेल चौकीपर्यंत नेणार कोण? बहुतेक खेचर!

आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. डेमोत एक बटण दाबलं की काम होतं. प्रत्यक्षात त्या बटणामागे रात्री तीन वाजता उठणारा कुणीतरी सपोर्टवाला असतो आणि त्याचं नाव स्लाईडवर नसतं. झुलाची खेचरं म्हणजे सपोर्टची टीम न नेमता लाईव्ह केलेली सिस्टिम होती.

याचा अर्थ यंत्र नको असा मुळीच नाही. उलट हवंच. खेचरालाही वेदना होतात. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागलेलं आणि तिथून पाठीवरच्या ओझ्यासकट आपल्या ठाण्यावर परत आलेलं 'पेडोंगी' नावाचं खेचर आपल्या लष्कराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण ज्या खेचरांना नाव मिळालं नाही, ती कड्यावरून पडून, थंडीने, गोळ्यांनी मेलीच. त्यांच्या जागी पत्रा आणि बॅटरी आली तर कुणाला वाईट वाटेल? फक्त 'ओझं संपलं' असं म्हणू नका. ते कुणाकडे गेलं ते लिहा.

आणि ते लिहिता येतं, हेही मुंबईनेच दाखवलंय. मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसाचं अस्तित्व कुणाच्याच वहीत नसायचं. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक कोण, तर कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. कायद्याने पोतं हलकं नाही झालं. पण कामगाराची नोंदणी करणारं मंडळ आलं आणि ओझं ज्याचं आहे त्याने मजुरीशिवाय वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी अशा सोयी होणार, असा हिशेब ठरला. गैरप्रकार नंतर झाले, त्यावर रागावणारे भरपूर आहेत. तरी कल्पना साधी आणि मोठी होती: ओझ्याची किंमत वाहणाऱ्याच्या मणक्यातून वसूल करायची नाही, मालाच्या मालकाच्या वहीत लिहायची.

लष्कराच्या बाबतीत हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. सीमेवरच्या उंच चौक्यांवर सामान पोचवणारे स्थानिक पोर्टर असतात. गणवेश नाही, पण वाट तीच आणि गोळाही तोच. वर्षानुवर्षं हंगामी म्हणून राबणाऱ्या या लोकांसाठी जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की यांच्या नोकरीची, वैद्यकीय मदतीची, भरपाईची काहीतरी योजना करा. कूटनंतर १०० वर्षांनी!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी यंत्रखेचराचा व्हिडिओ पाठवला तर जरूर बघा, मीही बघतो, भारीच चालतं ते. फक्त पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: याची बॅटरी डोंगरावर कोण नेणार आहे, आणि त्याला पगार किती? उत्तर मिळालं तर यंत्र खरंच तयार आहे असं समजायला हरकत नाही. आणि 'बाजारबुणगे' हा शब्द वापरताना क्षणभर थांबा. १८६७ मध्ये या शहरातून निघालेल्या मोहिमेत दर शिपायामागे असे दोघे होते, आणि त्यांच्यावाचून तो मॅग्डाला सोडाच, झुलाच्या किनाऱ्यावरून पुढे दहा मैलसुद्धा गेला नसता.